एक घर, एक अंगण आणि पंचेचाळीस हजार रुपये: घरगुती स्पीकर निवडीचे एक प्रकरण

माझी ताई आणि भावोजी साताऱ्यात राहतात. त्यांच्या घराचा दिवाणखाना १४ फूट बाय १८ फूट आहे, त्याला लागून पोर्च आहे आणि पोर्चच्या पुढे साधारण ३० फूट बाय ४० फुटांचे अंगण आहे. अंगणाच्या तिन्ही बाजूंना कंपाउंडची भिंत असून भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची घरे आहेत. घर माणसांचे आहे, म्हणजे गणपतीचे पाच दिवस, चैत्रातले हळदीकुंकू, कोजागिरी, दिवाळी पहाट आणि मुलांचे वाढदिवस अशा निमित्तांनी वर्षातून आठ-दहा वेळा तरी ३०-४० माणसे जमतात, आणि एरवी रोज सकाळी भावोजींना दिवाणखान्यात नाट्यसंगीत ऐकायचे असते. शाळा-महाविद्यालयांच्या सभागृहांत ध्वनियंत्रणा बसवणे हे माझे काम असल्यामुळे घरासाठी स्पीकर निवडण्याची जबाबदारी माझ्यावर आली. खर्चाची मर्यादा ४५,००० रुपये होती.

हे प्रकरण तपशिलात मांडण्याचे कारण असे की, घरात आणि अंगणात अशा दोन्ही ठिकाणी वाजेल असा स्पीकर शोधणारे बहुतेक लोक एकच मोठा स्पीकर घेऊन मोकळे होतात. ताई-भावोजींनीही आदल्या वर्षी तेच केले होते.

आदल्या वर्षी काय झाले

चाके असलेला, बॅटरीवर चालणारा, दोन माइक जोडता येणारा एक ट्रॉली स्पीकर त्यांनी एका दुकानातून आणला होता. खोक्यावर काही हजार वॅटचा आकडा छापलेला होता. असा आकडा बहुधा 'पीएमपीओ' पद्धतीने, म्हणजे क्षणभराच्या कल्पित कमाल शक्तीवरून काढलेला असतो आणि सलग मिळणाऱ्या 'आरएमएस' शक्तीशी त्याचा फारसा संबंध नसतो. कोजागिरीच्या रात्री तो स्पीकर पोर्चच्या कडेला ठेवला गेला. पहिल्या रांगेतल्या मंडळींना एकमेकांशी बोलता येईना, शेवटी बसलेल्यांना गाण्याचे शब्द कळेनात, म्हणून आवाज आणखी वाढवला गेला आणि साडेनऊच्या सुमारास शेजारच्या आजींनी नातवाकरवी निरोप पाठवला. ताईला त्या निरोपाचे फार वाईट वाटले. शेजार पंचवीस वर्षांचा होता, आणि आजींची तब्येत त्या दिवसांत बरी नव्हती.

दोष स्पीकरमध्ये नव्हता, त्याच्या जागेत होता. उघड्यावर आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. खोलीत भिंती आणि छत आवाज परत देतात म्हणून ही घट कमी जाणवते, अंगणात मात्र आवाज आकाशात निघून जातो. पोर्चपासून पहिली खुर्ची २ मीटरवर होती आणि शेवटची १० मीटरवर. अंतरातला हा पाचपट फरक डेसिबलच्या हिशेबात १४ भरतो. याचा अर्थ शेवटच्या खुर्चीवर ७० डेसिबल आवाज हवा असेल, तर पहिल्या खुर्चीवर तो ८४ डेसिबल पोहोचतो, आणि १२ मीटरवरच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी अजूनही ६८ डेसिबल उरतो. बटण कितीही फिरवले तरी हे तीन आकडे एकत्रच वर-खाली होतात, त्यांच्यातला फरक बदलत नाही.

शेजारधर्म सोडला तरी कायद्याची बाजू होतीच. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. म्हणजे दिवसा ६० डेसिबल. समोर बसलेल्या माणसाशी आपण सहज बोलतो तो आवाज एका मीटरवर साधारण तेवढाच असतो. सण-उत्सवांसाठी वर्षात १५ दिवसांपर्यंत रात्री १० ते १२ ही सवलत राज्य सरकार देऊ शकते, पण घरच्या कार्यक्रमासाठी त्या सवलतीवर विसंबायचे नाही, असे आम्ही सुरुवातीलाच ठरवले.

गरज नेमकी कोणती

खरेदीपूर्वी मी ताई-भावोजींना एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे वर्षभरात किती तास कुठे ऐकणार. उत्तर स्पष्ट होते. दिवाणखान्यात रोज दीड-दोन तास, अंगणात वर्षभरात मिळून फार तर तीसेक तास. मग पैसे कुठे घालायचे हे आपोआप ठरले. रोज ऐकायच्या जोडीत स्वर स्वच्छ हवा, कारण ऑर्गनचा भरणा आणि गायकाची तान यांतले अंतर तिथे कळले पाहिजे. अंगणात लोक बोलत, खात, उठबस करत ऐकणार, तिथे आवाज सगळीकडे सारखा पोहोचणे महत्त्वाचे. ताईच्या सासूबाईंचे भजनी मंडळ एकादशीला दिवाणखान्यात बसते, त्यांच्यासाठी माइकची सोय करावी का असेही विचारून पाहिले. "टाळ-मृदंग असताना माइक कशाला रे बाबा," असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला आणि आमचा एक खर्च वाचला.

पर्याय चार होते. साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) आणि ट्रॉली स्पीकर ही जोडी स्वस्त पडत होती, पण तिने अंगणाचा प्रश्न होता तिथेच राहत होता. वायफायवर चालणारे, प्रत्येक खोलीत एक असे स्पीकर सोयीचे असतात, परंतु चांगल्या प्रतीचे दोन घेतले तरी बजेट संपत होते, शिवाय घराच्या दगडी बांधणीच्या जाड भिंतींपलीकडे अंगणात वायफाय धड पोहोचत नव्हते. ब्लूटूथचे दोन-तीन छोटे स्पीकर एकमेकांना जोडणे हा तिसरा मार्ग. तो सहलीसाठी उत्तम आहे, मात्र त्यासाठी सहसा एकाच कंपनीचे स्पीकर लागतात, प्रत्येकाची बॅटरी सांभाळावी लागते, आणि दिवाणखान्यातल्या यंत्रणेशी त्यांचा ताळमेळ बसत नाही, कारण ब्लूटूथवरून येणारा आवाज सेकंदाच्या काही अंशाने उशिरा पोहोचतो आणि दारातून आतले-बाहेरचे दोन्ही आवाज ऐकू आले की शब्दांचा प्रतिध्वनी झाल्यासारखा वाटतो. शेवटचा पर्याय वायरचा. भिंतीत आणि मातीत पाइप टाकावे लागतात म्हणून लोक त्याला कंटाळतात, पण घर स्वतःचे असेल तर माझ्या मते तोच सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत टिकाऊ मार्ग आहे. स्पीकरच्या तांब्याच्या वायरला अद्ययावत करावे लागत नाही.

प्रत्यक्ष निवड

दिवाणखान्यासाठी खालचे स्वर वाजवणारा साडेपाच इंची वूफर असलेली बुकशेल्फ स्पीकरची जोडी १४,००० रुपयांना घेतली. बुकशेल्फ हे नाव फसवे आहे, हे मुद्दाम सांगतो. हे स्पीकर पुस्तकांच्या कप्प्यात किंवा टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबले की खालचे स्वर फुगतात आणि तबल्याचा बायाँ घुमत राहतो. आम्ही ते सुताराकडून करून घेतलेल्या साध्या स्टुलांवर ठेवले, मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे, आणि उंच स्वर वाजवणारा ट्वीटर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असे. खोलीत गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती असल्यामुळे सुरुवातीला आवाज कर्कश वाटत होता. तो कमी करायला नवे काही विकत आणले नाही, ट्रंकेतली जाड सतरंजी सोफ्यापुढे अंथरली आणि खिडक्यांना कापडी पडदे लावले. त्याने पडलेला फरक दहा हजार रुपये अधिक खर्चूनही पडला नसता.

अँप्लिफायर मी जुना घेतला. पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, जुनी यंत्रे उघडून दुरुस्त करणारे जाणते कारागीर अजूनही भेटतात. तिथून एक दोन वाहिन्यांचा (डावी आणि उजवी), प्रत्येक वाहिनीला ४० वॅटचा अँप ९,००० रुपयांना मिळाला. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होते का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का आणि अर्धा तास वाजवल्यावर एकच बाजू अधिक तापते का, हे तिथेच उभे राहून पाहिले. मात्र तो निवडण्याचे खरे कारण त्याच्या पाठीमागची 'टेप आउट' ही जागा होती. पूर्वी कॅसेटवर ध्वनिमुद्रण करण्यासाठी ती वापरत. तिथून निघणारा संकेत आवाजाच्या बटणाच्या आधीचा असतो, त्यामुळे दिवाणखान्यातला आवाज कमी-जास्त केला तरी तो बदलत नाही. या जागेतून एक वायर काढून मी ती अंगणासाठीच्या छोट्या क्लास डी (कमी तापणाऱ्या, आटोपशीर) अँपला दिली, जो ४,५०० रुपयांत मिळाला. आता गाणे एकच, तेही एकाच क्षणी, पण आतला आणि बाहेरचा आवाज दोन वेगळ्या बटणांवर. अनेक अँपवर 'ए' आणि 'बी' अशा दोन जोड्यांची सोय असते, पण त्यात दोन्ही जोड्या एकाच बटणावर चालतात, आणि ८ ओहमच्या (ओहम हे रोधाचे माप, आकडा कमी तेवढा अँपवरचा भार जड) दोन जोड्या समांतर वाजल्या की अँपवर ४ ओहमचा भार येतो, जो जुन्या अँपला झेपेलच असे नाही. मोबाइलवरून गाणी घेण्यासाठी दीड हजारांचा ब्लूटूथ रिसीव्हर मुख्य अँपला जोडला.

अंगणासाठी ओलाव्यापासून संरक्षण असलेली छोट्या स्पीकरची एक जोडी ९,००० रुपयांना घेतली. इथे भावोजींची शंका रास्त होती. "एवढ्याशा डब्यांनी अंगण भरेल का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना कागदावर हिशेब करून दाखवला. या स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे, म्हणजे एक वॅट दिला असता एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. अडीच मीटरवर त्यातले ८ डेसिबल जातात आणि ७९ उरतात. आपल्याला ७० पुरेसे आहेत, त्यासाठी एका वॅटचा आठवा हिस्सा लागतो. संगीतात सरासरीपेक्षा १५ डेसिबल वर जाणारे क्षण येतात असे धरले, तरी गरज सुमारे ४ वॅटवर थांबते. ऐकणारा जवळ असेल तर वॅट लागतच नाहीत. उलट पोर्चवरच्या एकाच स्पीकरला १० मीटरवर ७० डेसिबल द्यायचे, तर त्याला एक मीटरवर ९० डेसिबल द्यावे लागतात. अडीच-अडीच मीटरवर माणसे असतील अशा रीतीने चार छोटे स्पीकर पसरले, तर प्रत्येकाला ७८ पुरतात आणि चौघांची मिळून ध्वनिशक्ती त्या एकट्याच्या चौथ्या भागाइतकी भरते. हा कागद भावोजींनी अजून जपून ठेवला आहे.

चार स्पीकर पहिल्या वर्षी बजेटात बसत नव्हते. म्हणून दोनच घेतले आणि स्पीकर वाढवण्याऐवजी खुर्च्यांची मांडणी बदलली. रांगांऐवजी सहा मीटर व्यासाचे वर्तुळ केले आणि त्याच्या दोन टोकांना, कंपाउंडपासून दोन मीटर आत, लाकडी खुंटांवर स्पीकर बसवले, तोंडे वर्तुळाच्या मध्याकडे. उंच स्वर स्पीकरच्या तोंडाच्या दिशेने जातात, त्यामुळे शेजाऱ्यांकडे स्पीकरची पाठ असणे फायद्याचे असते. खालचे स्वर मात्र सर्व बाजूंना पसरतात आणि भिंत ओलांडतात, म्हणून बाहेरच्या अँपचे बेसचे बटण आम्ही मधल्या खुणेच्या खाली ठेवतो. डावी-उजवी वाहिनी वेगळी ऐकण्याचे सुख अंगणात नसते, कारण जो ज्या बाजूला बसतो त्याला तीच बाजू ऐकू येते. त्यासाठी कार्यक्रमाच्या वेळी मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू केले की दोन्ही स्पीकरमधून पूर्ण गाणे येते.

वायर, पाइप आणि पावसाळा

या कामात सर्वांत जास्त वाद वायरवरून झाला. वायरमन एक एमएमची (म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाची) वायर पुरेल म्हणत होता आणि ती विजेच्या वायरच्या पाइपमधूनच नेऊ या, असेही त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या गोष्टीला मी साफ नकार दिला. २३० व्होल्टची वायर आणि स्पीकरची वायर एका पाइपमधून नेणे धोक्याचे आहे, एखाद्या जागी आवरण सोलले गेले तर अंगणात मुलांच्या हाताला लागणाऱ्या डब्यापर्यंत वीज पोहोचू शकते. जाडीचा प्रश्न आकड्यांनी सुटला. लांबचा स्पीकर २२ मीटरवर होता, जाऊन-येऊन तांब्याची लांबी ४४ मीटर. एक एमएमच्या वायरचा रोध एवढ्या लांबीला ०.८५ ओहमच्या आसपास जातो, अडीच एमएमचा ०.३५. स्पीकर ८ ओहमचा असेल तर वायरचा रोध त्याच्या ५ टक्क्यांत, म्हणजे ०.४ ओहमच्या आत, असावा असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. म्हणून दोन तारांची अडीचची वायर ५० मीटर घेतली, ४,००० रुपयांना, आणि प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र वायर वेगळ्या पीव्हीसी पाइपमधून, जमिनीखाली दीड फुटावरून नेली. पाइप आणि मजुरी २,५०० रुपये झाली. एकूण खर्च ४४,५००.

साताऱ्याच्या पावसाबद्दल मी निर्धास्त नव्हतो. स्पीकरवर 'आयपी' नंतर दोन आकडे असतात, पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. आमच्या जोडीवर ५४ आहे, म्हणजे धूळ बऱ्यापैकी रोखली जाते आणि सर्व बाजूंनी उडालेले शिंतोडे चालतात. चार महिने सलग पडणारा पाऊस या आकड्यात बसत नाही. म्हणून स्पीकर खुंटांवर कायमचे न ठेवता काढता येतील असे खाचेत बसवले आहेत. जूनच्या आधी ते उतरवून कपाटात जातात आणि उघड्या तारांच्या टोकांवर टोपण व चिकटपट्टी चढते, नाहीतर तांबे हिरवे पडते. एका गोष्टीचा मात्र अंदाज आला नाही. मार्चमध्ये एका स्पीकरचा आवाज बसल्यासारखा वाटू लागला, उघडून पाहिले तर कुंभारीण माशीने पाठीमागच्या हवेच्या भोकात मातीचे घर केले होते. तेव्हापासून स्पीकर वापरात नसताना त्या भोकात स्पंजचा बोळा असतो.

पहिली कोजागिरी, पहिली दिवाळी

जोडणी झाल्यावर पहिल्याच संध्याकाळी वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहिले की बेस नाहीसा होतो असे लक्षात आले. एका बाजूला सरकले की परत येई. एका स्पीकरच्या धन आणि ऋण तारा उलट जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळे एकाचा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा मागे येत होता आणि मध्यावर दोघांचे खालचे स्वर एकमेकांना खोडत होते. चूक माझीच होती, लाल पट्टीची तार अंधारात ओळखता आली नाही. तारा बदलताच आवाज भरला.

कोजागिरीला पस्तीस माणसे होती. केशर-वेलचीचे दूध उकळत असताना गाणी सुरू होती आणि लोक त्यांवर आवाज न चढवता बोलत होते. मी मुद्दाम कंपाउंडच्या बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. गाणे कोणते ते कळत होते, शब्द कळत नव्हते. दहा वाजता बाहेरचा अँप बंद केला आणि चंद्र डोक्यावर येईपर्यंत गाण्याच्या भेंड्या चालल्या, त्यांना स्पीकरची गरज नव्हती. शेजारच्या आजी त्या रात्री आमच्यातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

दिवाळी पहाटेचा पेच वेगळा होता. अभ्यंगस्नान करून मंडळी साडेपाचला जमतात, आणि सहापर्यंत कायद्याने रात्र असते. तेव्हा दोन बटणे वेगळी असल्याचा सर्वांत मोठा उपयोग झाला. सहापर्यंत दारे लावून फक्त दिवाणखान्यातली जोडी वाजली, सहा वाजता दार उघडले आणि बाहेरचे बटण हळूहळू वर नेले, त्यामुळे गाणे न तुटता भूपाळी आतून अंगणात आली. मध्ये पंधरा मिनिटे वीज गेली, पण इन्व्हर्टर साइन वेव्हचा (नेहमीच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) असल्यामुळे अँपमध्ये घरघर आली नाही. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ती हमखास येते.

जुना ट्रॉली स्पीकर आम्ही विकला नाही. मुलांच्या वाढदिवसाला तो गच्चीवर मधोमध ठेवतात, चारी बाजूंनी मुले नाचतात आणि बटण चौथाईच्या पुढे जात नाही.

अंगणाची दुसरी जोडी यंदा गणपतीनंतर घ्यायची आहे, तीही ९,००० रुपयांची, म्हणजे दोन वर्षांचा मिळून खर्च मूळ बजेटच्या बराच वर जाईल. छोट्या अँपला ४ ओहमचा भार चालतो, त्यामुळे प्रत्येक वाहिनीवर दोन-दोन स्पीकर देता येतील आणि नवा अँप लागणार नाही. रिकामा पाइप गेल्या वर्षीच पारिजातकापर्यंत टाकून ठेवला आहे, तोंड बांधून.